एकूण

सात नंबरच्या डिस्कने पिवळा डोळा उघडला
तेव्हा रात्रीचे पावणेदोन.
होटगी रोडवर अजून भट्टीची हवा,
आत दोनपैकी एकच एसी,
तोही खोकत.

वरच्या मजल्यावर रेडिओलॉजीवाल्यांना
कुणाची तरी दोन हजार सोळा सालची छाती हवी आहे,
आत्ता.

तन्वीर फोनवर म्हणाला, ब्राउझर उघड ना,
सगळं दिसतं, गोल, रंगीत, टक्क्यांसकट.
दिसतं, खरंय.
पण माउस माणसाला पटकन ‘होय’ म्हणायला लावतो.
मी काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप करतो.
तेवढ्यात बोटं विचार करून घेतात.

सात म्हणजे कुठली सात?
शून्यापासून की एकापासून?
माझ्या आधीच्या माणसाने याच प्रश्नावर
धडधाकट डिस्क उपसली होती.
आम्ही त्याला वर्षभर नावं ठेवली,
आणि गुपचूप प्रत्येक खणाला
चिकटपट्टी लावून पेनाने आकडे घातले.

स्पेअर डिस्क तीन वर्षं नुसती फिरत होती,
पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखी.
आज तिला बसवलं.
एकोणीस तास लागतील, असं यंत्राचं म्हणणं.

इरेश रात्रपाळीचा, चहा घेऊन आलेला.
विचारतो, सर, मेलेल्या डिस्कवरचं
नव्या डिस्कवर येतं कुठून?

विडी घरकुलात आमची एकच खोली होती, इरेश.
चौघी सुपं मांडीवर घेऊन बसायच्या,
पान, तंबाखू, धागा, पान, तंबाखू, धागा.
आई तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि रात्री खडूने भिंतीवर मराठीत लिहायची.
नरसम्मा २२५. भूदेवी ३००.
अक्का १५०. मी ३२५.
खाली रेघ, एकूण १०००.
स्वतःचं नाव तिने कधी लिहिलं नाही. नुसतं ‘मी’.

एकदा बापाच्या ओल्या सदऱ्याने अक्काचा आकडा पुसला.
अक्का रडायला लागली, तिचे पैसे गेले म्हणून.
आईने वरही पाहिलं नाही, दातात धागा.
दीडशे, म्हणाली.
उरलेले तीन आणि एकूण बोलतात की.

बस, एवढंच आहे.
फक्त इथे एकूण एका जागी नसते.
प्रत्येक ओळीची वेगळ्या डिस्कवर,
जशी आई भिंतीची ओल बघून
रोज जागा बदलायची.

आणि दोन पुसले तर?
हे मीही विचारलं होतं तेव्हा, सात वर्षांचा असताना.
आई म्हणाली, मग भिंतीला विचारून काय उपयोग,
बायांना विचारावं लागतं.

म्हणून दर शनिवारी मी टेप घेऊन
अक्कलकोट रोडच्या गोदामात जातो,
पत्र्याच्या कपाटाला दोन कुलपं लावतो.
साहेबांना वाटतं, डिस्क इतक्या असताना हा खर्च कशाला.
साहेबांची भिंत कधी ओली झालेली नाही.

अडीचला ती छाती वर पोचली.
हळू, एकेक पट्टा उतरत.
तिचा काही भाग कुठल्याच डिस्कवर नव्हता,
तो त्या क्षणी वजाबाकीतून आला.
डॉक्टरांनी फोनवर एवढंच म्हटलं,
आज सिस्टीम स्लो आहे.

आईचा एक्स-रेही यातच कुठेतरी आहे.
तंबाखूची चाळीस वर्षं, काळ्यावर पांढरी.
मला परवानगी आहे. मी उघडत नाही.

सहा वाजता बावीस टक्के.
रविवारची तपासणी पुढे ढकलली,
रात्रीच्या नकला थांबवल्या,
बाकीच्या डिस्कांना जितकं कमी पळवता येईल तितकं.
इरेश भिंतीला टेकून झोपलाय.

तीन नंबरच्या डिस्कने वाचताना एक चूक नोंदवली.
एकच.
मी फोन उचलला, ठेवला,
रजिस्टर ओढलं, वेळ लिहिली,
आणि गोदामाच्या किल्ल्या खिशात आहेत ना
ते चाचपून पाहिलं.